पेपर अवघड गेला, मार्क कमी पडले: आता काय करता येतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निकाल लागला की पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि बऱ्याचदा तेव्हा अर्जाच्या मुदतीचे दोनच दिवस उरलेले असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली येणाऱ्या मुंबई, पुणे, शिवाजी, नागपूर अशा विद्यापीठांना धरून आहेत. शुल्क आणि तारखा मात्र दर परीक्षेला बदलतात, त्यासाठी तुमच्या विद्यापीठाचं चालू परिपत्रकच उघडून वाचा.

१. पेपर खूपच अवघड होता. एवढ्यावरून मार्क वाढवून मिळतात का?

नाही. अवघड पेपर काढण्याचा परीक्षकाला अधिकार आहे. पण अवघड पेपर आणि सदोष पेपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोष असेल तर दाद मागता येते. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, गणितात एक आकडाच छापला नव्हता, मराठी आणि इंग्रजी प्रश्न जुळत नव्हते, जाहीर केलेला आराखडा सोडून वेगळाच पॅटर्न आला, दोन तासांच्या पेपरला तीन तासांचं लेखन मागितलं, हे सगळे दोष कागदावर दाखवता येतात. ‘हार्ड होता’ हे दाखवता येत नाही. त्यामुळे अर्जाला हात घालण्याआधी प्रश्नपत्रिका समोर ठेवा आणि स्वतःला विचारा: माझी तक्रार पेपरबद्दल आहे की माझ्या तपासणीबद्दल? पेपरबद्दल असेल तर प्रश्न ८ आणि ९ वाचा, तपासणीबद्दल असेल तर इथूनच पुढे वाचत जा.

२. गुणपडताळणी, फोटोकॉपी आणि रिव्हॅल यांत फरक काय? आधी काय मागायचं?

गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का एवढंच पाहतात. तपासलेल्या उत्तराला दिलेले मार्क बरोबर की चूक, यात कोणी शिरत नाही. फोटोकॉपी म्हणजे तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. आणि रिव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकन, यात दुसरा परीक्षक सगळी उत्तरं नव्याने तपासतो.

माझा सल्ला नेहमी एकच: आधी फोटोकॉपी. काही विद्यापीठांत तर फोटोकॉपी घेतल्याशिवाय रिव्हॅलचा अर्जच करता येत नाही, तिथे प्रश्न मिटला. पण जिथे थेट रिव्हॅल करता येतं तिथेही उत्तरपत्रिका न पाहता पैसे भरू नका. पाच विषयांचं रिव्हॅल सरसकट टाकणारे विद्यार्थी दर सत्रात दिसतात. त्यांतल्या बहुतेकांनी फोटोकॉपी पाहिली असती तर एक किंवा दोन विषयांतच काही हाती लागण्यासारखं आहे हे त्यांना कळलं असतं, आणि बाकीचे पैसे वाचले असते. घरून महिन्याचा खर्च मोजून येणाऱ्या मुलामुलींसाठी ही रक्कम लहान नसते.

३. मुदत कधीपासून मोजतात? मार्कशीट अजून हातात आलेली नाही.

निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून. मार्कशीट कॉलेजात उशिरा पोहोचली हे कारण चालत नाही. ऑनलाइन निकाल लागला त्याच दिवशी त्याची प्रिंट काढा आणि परिपत्रकातली शेवटची तारीख लिहून ठेवा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे जात असेल तर कॉलेजने तो खरोखर पुढे पाठवला का, हेही कार्यालयात जाऊन पाहा. पैसे भरले पण कॉलेजने ‘अप्रूव्ह’ केलंच नाही म्हणून अर्ज बाद झाल्याची उदाहरणं आहेत.

४. रिव्हॅल टाकलंय. मग केटीचा (राहिलेल्या विषयाच्या पुढच्या परीक्षेचा) फॉर्म भरू का, की थांबू?

भरा. रिव्हॅलचा निकाल पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपल्यावरही येऊ शकतो. रिव्हॅलमध्ये पास झालात तर फॉर्मचे पैसे गेले, इतकंच. न भरता नापास राहिलात तर अख्खं सत्र जातं. अभ्यासही चालू ठेवा.

५. फोटोकॉपी हातात आली. त्यात नेमकं काय बघू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिल्यांदा मार्कांकडे बघूच नका. ही उत्तरपत्रिका तुमचीच आहे ना, ते बघा. अक्षर, सीट नंबर, बारकोड. मग पानं मोजा. पुरवणी जोडली होती तर ती आहे का? स्कॅन करून संगणकावर तपासणी होते तिथे एखादं पान वगळलं जाणं, अंधुक येणं किंवा दोन पानं एकदम उलटली जाणं शक्य असतं. परीक्षकाच्या पडद्यावर जे पान आलंच नाही त्याला मार्क कसे पडणार?

मग प्रत्येक उपप्रश्नाला काहीतरी मार्क पडले आहेत का ते तपासा. शून्य दिलं असेल तर शून्य लिहिलेलं दिसायला हवं. काहीच लिहिलेलं नसेल तर ते उत्तर तपासलंच नाही असं म्हणायला जागा आहे. आतल्या पानांवरचे मार्क आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्यातले मार्क जुळतात का? बेरीज बरोबर आहे का? ‘कोणतेही चार सोडवा’ असताना तुम्ही पाच सोडवले असतील तर कोणते चार धरले ते बघा, आणि जास्त मार्कांचे धरायचे की पहिले चार, याबद्दल तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे तेही. उत्तराला चुकीचा प्रश्नक्रमांक टाकला असेल तर परीक्षकाने ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर समजून शून्य दिलेलं असू शकतं. तिथे मार्क मिळतीलच असं नाही, पण निदान शून्याचं कारण कळतं.

एवढं झालं की मगच मजकुराकडे वळा. आदर्श उत्तरसूची जाहीर झाली असेल तर ती घ्या, नसेल तर विषयाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे फोटोकॉपी घेऊन जा. त्यांना ‘मार्क कमी आहेत ना?’ असं विचारू नका. ‘या उत्तराला तुम्ही किती दिले असते?’ असं विचारा. गणित, अकाउंट्स, अभियांत्रिकीच्या विषयांत पायरीचे मार्क बघा: शेवटचं उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर पायऱ्यांचे मार्क मिळायला हवेत, आणि घाईच्या तपासणीत तेच सर्वांत आधी सुटतात. दीर्घोत्तरी विषयांत फरक पडतो, पण तिथे दोन प्रामाणिक परीक्षकांतही दोन-तीन मार्कांचा फरक सहज असतो. एवढ्यासाठी रिव्हॅल करायचं का, हे तुम्ही पासच्या रेषेपासून किती दूर आहात त्यावर ठरवा.

६. रिव्हॅलमध्ये मार्क कमी होऊ शकतात का?

होऊ शकतात, आणि हे मुलांना कोणी सांगत नाही. कमी झालेले मार्कही स्वीकारावे लागतील की मूळ मार्क कायम राहतील, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमात लिहिलेलं असतं. तसंच बदल ठराविक टक्क्यांहून जास्त असेल तरच धरायचा, किंवा फरक फार मोठा आला तर तिसऱ्या परीक्षकाकडे उत्तरपत्रिका पाठवायची, असेही नियम असतात. काठावर पास असाल आणि फक्त ग्रेड सुधारायची असेल तर हा नियम वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

७. ‘नो चेंज’ आलं. पण मला खात्री आहे की तपासणी चुकलीय.

खात्री कशाची आहे ते आधी लिहून काढा. एखादं उत्तर तपासलंच नाही, पान गायब आहे, बेरीज चुकली, उत्तरसूचीच चूक आहे, असं काही नेमकं दाखवता येत असेल तर पुढचा रस्ता आहे (प्रश्न १५ आणि १६). दोन परीक्षकांनी तपासलं आणि दोघांनाही उत्तर तितकंच वाटलं, एवढंच असेल तर तिथे थांबणं बरं. हे ऐकायला जड जातं हे मला माहीत आहे.

८. अख्ख्या वर्गाचेच मार्क कमी लागलेत. सगळ्यांनी मिळून अर्ज करावा का?

जरूर करावा. एकट्याचे मार्क कमी आले तर तो त्या विद्यार्थ्याचा प्रश्न ठरतो, पण इतर सर्व विषयांत नीट पास होणारी मुलं एकाच पेपरला ढिगाने नापास झाली तर पेपर किंवा तपासणी पुन्हा बघण्याचं ते सबळ कारण आहे. मात्र पाचशे सह्यांपेक्षा दोन जोडपत्रं जास्त काम करतात: एक म्हणजे प्रश्नपत्रिका आणि मंजूर अभ्यासक्रम शेजारी ठेवून केलेला तक्ता, आणि दुसरं म्हणजे याच विषयाचा मागच्या परीक्षांतला आणि आताचा निकाल.

‘आम्ही खूप अभ्यास केला होता’, ‘आमचं करिअर धोक्यात आहे’ ही वाक्यं खरी असतील, पण त्यांवर कोणताही अधिकारी शेरा मारू शकत नाही. त्याला मंजूर करता येईल अशी मागणी हवी. नमुना असा:

‘दिनांक अमुक रोजी झालेल्या सत्र ६ च्या अमुक विषयाच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न ३ (ब) मंजूर अभ्यासक्रमातील कोणत्याही घटकात येत नाही. प्रश्नपत्रिका व अभ्यासक्रमाची प्रत सोबत जोडली आहे. सदर प्रश्न अभ्यास मंडळाकडे अभिप्रायासाठी पाठवावा व दोष मान्य झाल्यास सर्व परीक्षार्थींना त्याचे गुण द्यावेत. तसेच या विषयाच्या काही उत्तरपत्रिका अन्य परीक्षकाकडून नमुना म्हणून तपासून घ्याव्यात, ही विनंती.’

अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्राचार्यांमार्फत द्या. प्राचार्यांचं शिफारसपत्र मिळालं तर उत्तमच. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेही दाखवता येत नाही.

मोर्चा, घोषणा, विद्यार्थी संघटनेचं निवेदन यांनी दबाव येतो, आणि तो लोकशाहीतला रास्त मार्ग आहे. पण निवेदनातही वरचेच दोन कागद जोडलेले असू द्या. आणि कोणत्याही परीक्षकाचं नाव किंवा नंबर ग्रुपवर टाकून त्याच्यावर तुटून पडू नका. ते अन्यायाचंच दुसरं रूप आहे.

९. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला म्हणून मी तो सोडूनच दिला. त्याचे मार्क मिळतील का?

दोष मान्य झाला तर विद्यापीठ साधारणपणे दोनपैकी एक करतं: सगळ्यांना त्या प्रश्नाचे मार्क देतं, किंवा ज्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला त्यांनाच देतं. दुसरी शक्यता लक्षात घेऊन परीक्षेतच त्या प्रश्नाचा क्रमांक टाकून दोन ओळी तरी लिहायच्या. आणि तक्रार त्याच दिवशी करायची. पेपर संपल्याबरोबर केंद्रावरच्या मुख्य पर्यवेक्षकांना लेखी द्या, ते विद्यापीठाला कळवतात. तपासणी सुरू होण्याआधी पोहोचलेली तक्रार उत्तरसूचीत बसवता येते. निकालानंतर तीच गोष्ट मान्य करायची तर जाहीर निकाल बदलावा लागतो, आणि त्याला कोणीही सहजी तयार होत नाही.

१०. मी मराठीतून पेपर लिहिला. प्रश्नाचं मराठी भाषांतरच चुकलं होतं.

बऱ्याच प्रश्नपत्रिकांवर ‘शंका असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ अशी सूचना असते, आणि विद्यापीठ तिच्याकडे बोट दाखवतं. मला ही सूचना अन्यायाची वाटते. मराठी माध्यम अधिकृतपणे दिलं असेल तर मराठी प्रश्न नीट छापणं ही विद्यापीठाचीच जबाबदारी आहे. तक्रारीत दोन्ही भाषांतले प्रश्न जसेच्या तसे उतरवा आणि मराठी प्रश्न वाचणाऱ्याचं उत्तर कसं वेगळं होतं ते दोन ओळींत दाखवा. अशी तक्रारही प्रश्न ८ प्रमाणे मिळूनच करावी.

११. मॉडरेशन करून सगळ्यांचे मार्क वाढवतात म्हणे. ते कसं मागायचं?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मॉडरेशन म्हणजे एका परीक्षकाने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका नियामकाने (मॉडरेटरने) पुन्हा तपासणं. काठावर नापास झालेल्या, फार वरच्या मार्कांच्या आणि मधूनच उचललेल्या काही. एखादा परीक्षक फारच कडक किंवा ढिला निघाला तर तो फरक दुरुस्त व्हावा हा हेतू. हे निकालाआधी होतं आणि त्यासाठी अर्ज लागत नाही. सगळ्यांच्या मार्कांत ठराविक भर घालणं हे वेगळं. सत्र परीक्षेत ते हक्क म्हणून मागता येत नाही. सामूहिक अर्जात ‘मॉडरेशन झालं होतं का आणि किती उत्तरपत्रिकांचं’ हे विचारणं मात्र रास्त आहे.

१२. ग्रेस मार्क किती मिळतात? अर्ज करावा लागतो का?

पास व्हायला थोडे कमी पडलेले मार्क भरून देतात ते ग्रेस. ते आपोआप लागतात, अर्ज नाही. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर ५०४२-अ किंवा ५०४५-अ असा उल्लेख दिसतो, ते विद्यापीठाच्या ग्रेसबद्दलच्या अध्यादेशांचे क्रमांक आहेत. हे मार्क थोडेच असतात आणि ठराविक अटींत बसलं तरच मिळतात. ते पेपर अवघड होता म्हणून दिले जात नाहीत, ‘पेपर अवघड होता, ग्रेस द्या’ असा अर्ज म्हणूनच नाकारला जातो. एनएसएस, एनसीसी, क्रीडा यांचे सवलतीचे गुण वेगळे. त्यांची प्रमाणपत्रं कॉलेजने वेळेत पाठवलेली असावी लागतात, ते स्वतः जाऊन बघा.

१३. आमचं कॉलेज स्वायत्त आहे. विद्यापीठात रिव्हॅल करता येईल का?

नाही. स्वायत्त कॉलेजात परीक्षा आणि तपासणी कॉलेजचीच, त्यामुळे अर्ज कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकांकडे. नियम कॉलेजच्या परीक्षा नियमावलीत असतात, ती मागून घ्या.

जिथे रिलेटिव्ह ग्रेडिंग आहे तिथे गणित आणखी बदलतं. तिथे ग्रेड वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते, म्हणून पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर शंभरात पंचेचाळीस मिळूनही चांगली ग्रेड लागू शकते. तिथे तक्रार पेपरच्या काठिण्याची असू नये, स्वतःच्या तपासणीची असावी. आयआयटी मुंबईत तपासलेले पेपर विद्यार्थ्यांना दाखवायची पद्धत आहे, आणि मार्कांबद्दलच्या शंकेला तिथली मुलं ‘क्रिब’ म्हणतात. शिक्षकासमोर बसून, उत्तर दाखवून, तिथल्या तिथे निकाल. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजने ही पद्धत घ्यावी. निम्म्या तक्रारी रिव्हॅलपर्यंत जाणारच नाहीत.

१४. माहिती अधिकारात उत्तरपत्रिका मिळते का? विद्यापीठाची फोटोकॉपीची फी फार आहे.

मिळते. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असल्याचं आणि विद्यार्थ्याला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क असल्याचं सांगितलं. २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरी संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की दोन्ही मार्ग खुले आहेत: संस्थेच्या नियमाने मागितलं तर संस्थेची फी, माहिती अधिकारात मागितलं तर त्या कायद्याखालची फी. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा.

आता अडचणी. जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस आहेत, आणि तोवर रिव्हॅलची मुदत बहुधा संपते. माहिती अधिकारामुळे ती वाढत नाही. म्हणून रिव्हॅल करायचंच असेल तर विद्यापीठाची फोटोकॉपी घ्या. पुरावा हवा असेल, किंवा विद्यापीठ फोटोकॉपी देतच नसेल, तर माहिती अधिकार. उत्तरपत्रिका ठराविक काळच जपून ठेवतात, नंतर नष्ट करतात, तेव्हा उशीर नको. ‘मला कमी मार्क का दिले?’ असं विचारू नका, कारण नोंदीत नसलेलं कारण तयार करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. उत्तरपत्रिकेची प्रत, आदर्श उत्तरसूची आणि गुणदान योजना मागा. परीक्षकाचं नाव मिळणार नाही. ते झाकायची मुभा त्याच निकालात दिली आहे, आणि परीक्षकाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

१५. विद्यापीठ दाद देत नाही. लोकपालाकडे जाता येतं का?

जाता येतं, पण पायरी सोडून नाही. (हा लोकपाल म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठात नेमलेला अधिकारी.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचं. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने ते ३० दिवसांत निकाली काढायचं.

इथे एक मोठी अट आहे. फेरतपासणी किंवा मार्क वाढवण्याची नुसती मागणी लोकपाल ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी एखादी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचं विशिष्ट उदाहरण दाखवावं लागतं. ‘मला ५२ ऐवजी ६० हवेत’ चालणार नाही. ‘माझ्या पुरवणीची चार पानं स्कॅनच झालेली नाहीत, ही फोटोकॉपी, ही पर्यवेक्षकाच्या नोंदीतली पुरवणीची संख्या’ हे चालेल.

इंटर्नल, तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या मार्कांना सहसा रिव्हॅल लागू नसतं. तिथली तक्रार थेट या समितीकडे न्यावी, आणि सबमिशनच्या तारखा, शिक्षकांची सही असलेली जर्नलची पानं सोबत ठेवावीत.

१६. कोर्टात गेलं तर?

शेवटचा रस्ता, आणि अरुंद. १९८४ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाच्याच परितोष शेठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येत नाही. डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह निकालात तेच आणखी स्पष्ट झालं: न्यायालय स्वतः उत्तरपत्रिका तपासणार नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. उलट बाजूला १९८३ चा कानपूर विद्यापीठाचा निकाल आहे. बहुपर्यायी प्रश्नाची उत्तरसूची उघडउघड चूक असेल, त्या विषयातल्या कोणाही जाणकाराला मान्य होणार नाही अशी असेल, तर बरोबर उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होता कामा नये. म्हणजे टिकते ती स्पष्ट, एका नजरेत दिसणारी चूक.

मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच आहे. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दिव्यांग विद्यार्थी यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

१७. मी पेपर दिला होता, तरी ‘गैरहजर’ दाखवलंय. उत्तरपत्रिका हरवली असेल तर?

हॉल तिकीट आणि केंद्रावरच्या हजेरीपटातली तुमची सही हा पुरावा. केंद्र असलेल्या कॉलेजातून हजेरीपटाची साक्षांकित प्रत घेऊन परीक्षा विभागाला लेखी द्या. बऱ्याचदा सीट नंबर किंवा बारकोडची चूक निघते आणि काम होतं.

उत्तरपत्रिका खरोखर गहाळ असेल तर विद्यापीठाकडून ते लेखी घ्या. तोंडी ‘शोधतोय’ वर आठवडे घालवू नका. पुढे काय करायचं ते विद्यापीठाच्या नियमांवर ठरतं. तपासणीचा गोंधळ किती वाढू शकतो तेही दिसलेलं आहे: २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्याच शाखांची तपासणी एकदम संगणकावर नेली, १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका होत्या, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. २०१६ चा विद्यापीठ अधिनियम निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावा म्हणतो. त्या वर्षी ज्यांचे प्रवेश आणि नोकऱ्या हुकल्या त्यांचं नुकसान कोणत्याही नियमाने भरून आलं नाही.

१८. २०२० सारखं सरसकट पास करा अशी मागणी करता येईल का?

२०२० मध्येही अंतिम वर्षाला तसं झालं नाही. त्या वर्षी २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पास करता येणार नाही असं सांगितलं. महामारीत जे मिळालं नाही ते एका अवघड पेपरसाठी मिळणार नाही.

१९. दिव्यांग विद्यार्थी म्हणून जादा वेळ मिळायला हवा होता, केंद्राने दिला नाही. रिव्हॅल करू?

रिव्हॅलने हे सुटणार नाही, कारण जे लिहिताच आलं नाही ते कोण तपासणार? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत. हा भेदभावाचा मुद्दा आहे, म्हणून प्रश्न १५ मधल्या समितीकडे जा आणि मार्कांऐवजी फेरपरीक्षा मागा. हॉलमध्येच पर्यवेक्षकाकडे लेखी नोंद केली असेल तर बाजू भक्कम होते.

२०. रिव्हॅल चालू आहे, पण पुढच्या प्रवेशाची किंवा नोकरीची तारीख आलीय.

रिव्हॅलच्या अर्जाची आणि पैसे भरल्याची पावती जोडून त्या संस्थेला लेखी कळवा आणि मुदत मागा. सोबत परीक्षा विभागाकडे तातडीचा अर्ज करा, प्रवेशाचं किंवा नियुक्तीचं पत्र जोडून. अशा अर्जांवर कधी कधी निकाल लवकर मिळतो, पण कागद न जोडलेल्या विनंतीला कोणी हात लावत नाही.

२१. एकजण म्हणतो, पैसे द्या, परीक्षा विभागातून मार्क वाढवून देतो.

पैसे देऊ नका, आणि ‘बघू तरी’ म्हणून चॅटही वाढवू नका. असे बहुतेक लोक पैसे घेऊन गायब होतात. आणि एखाद्याने खरंच काही केलं तर ते तुमच्याही अंगावर येतं. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा १९८२ चा कायदा आहे, आणि असा निकाल नंतर रद्द होऊ शकतो. उत्तरपत्रिकेत ‘सर, प्लीज पास करा’ लिहिणं, नोट ठेवणं, फोन नंबर टाकणं हेही गैरप्रकारातच मोडतं.

२२. निकाल पाहिल्यापासून काहीच सुचत नाही. घरी सांगायची भीती वाटते.

अर्ज उद्या करता येईल, आज कोणाशी तरी बोला. मित्र, ताई, एखादे सर, कोणीही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. घरी सांगताना निकालाबरोबर पुढचं पाऊलही सांगा: ‘या विषयात राहिलोय, फोटोकॉपी मागवलीय, केटीचा फॉर्म भरलाय.’ आईवडिलांनाही पुढे काय हे कळलं की धीर येतो. हे वाचणारे पालक असाल तर फोटोकॉपी आली की मुलासोबत बसून प्रश्न ५ मधल्या गोष्टी एकेक करून तपासा.